दिसणे आणि ओळखणे : सैनिकी रडारची नवी वाटचाल

(शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रडार हा शब्द आता इतका रुळला आहे की तो मुळात एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून तयार झाला, हे आपल्या लक्षातही येत नाही. १९४० साली अमेरिकी आरमाराने तो प्रथम वापरला. रेडिओ लहरींच्या साहाय्याने वस्तूचा शोध घेणे आणि तिचे अंतर मोजणे, एवढाच त्याचा अर्थ. सह्याद्रीच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली की ती परत ऐकू येते. हाक आणि प्रतिध्वनी यांमधला वेळ मोजला तर कडा किती दूर आहे हे सांगता येते. रडारचे तत्त्व हेच होय. फरक इतकाच की रेडिओ लहर सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर जाते. दीडशे किलोमीटरवरच्या विमानाचा प्रतिध्वनी सेकंदाच्या एक हजाराव्या भागात परत येतो, आणि तो इतका क्षीण असतो की तो वेगळा काढणे हेच या शास्त्राचे मुख्य काम होऊन बसते.

या विषयावर बोलताना नवनव्या यंत्रांची यादी वाचून दाखविण्याचा मोह होतो. मी तो टाळणार आहे. रडारला अमुक गोष्ट दिसते की नाही, या प्रश्नाभोवती पहिली साठ-सत्तर वर्षे गेली. आता जे दिसले ते काय आहे, कोणाचे आहे, आणि ते वेळेवर योग्य माणसापर्यंत पोहोचले की नाही, हे प्रश्न अधिक अवघड ठरू लागले आहेत. आजच्या व उद्याच्या रडारांतील बहुतेक बदल याच दिशेने चालले आहेत, असे माझे मत आहे. त्याची कारणे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१८८८ च्या सुमारास हाइनरिख हर्ट्झ याने रेडिओ लहरी धातूच्या पत्र्यावरून परावर्तित होतात हे दाखविले. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले. त्या काळी त्यांचा व्यावहारिक उपयोग कोणाला सुचला नाही. आज मोटारगाडीच्या पुढच्या भागात बसविलेले छोटे रडार साधारण तेवढ्याच लांबीच्या लहरी वापरते. प्रत्यक्ष रडारचा जन्म मात्र एका विचित्र मागणीतून झाला. शत्रूच्या वैमानिकाला रेडिओ लहरींनी होरपळविणारा 'मृत्युकिरण' शक्य आहे काय, असे १९३५ च्या आरंभी ब्रिटिश हवाई मंत्रालयाने रॉबर्ट वॉटसन-वॅट यांना विचारले. त्यांचे सहकारी अर्नोल्ड विल्किन्स यांनी आकडेमोड करून ते अशक्य असल्याचे दाखविले. परंतु विमानावरून परतणारी लहर ओळखता येईल, असेही त्याच आकडेमोडीतून निघाले. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथील बीबीसीच्या लघुलहरी प्रक्षेपकाच्या टापूत एक विमान उडविण्यात आले आणि जवळच्या शेतात उभ्या केलेल्या गाडीतील ग्राहकयंत्रावर त्याची चाहूल लागली. या प्रयोगात रडारचा स्वतःचा प्रक्षेपकच नव्हता. आकाशवाणीच्या चालू कार्यक्रमाच्या लहरीच उसन्या घेतल्या होत्या. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी. पुढे आपल्याला तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पाच वर्षांत इंग्लंडच्या किनाऱ्यावर 'चेन होम' नावाची रडारकेंद्रांची साखळी उभी राहिली. एकशेदहा मीटर उंचीचे पोलादी मनोरे, दहा-बारा मीटर लांबीच्या लहरी, असे ते अवजड प्रकरण होते. जर्मनीची त्या वेळची रडारयंत्रे घडणीने अधिक सुबक होती. तरीही १९४० च्या उन्हाळ्यातील हवाई युद्धात इंग्लंडचा बचाव झाला, याचे श्रेय यंत्रापेक्षा ह्यू डाउडिंग यांनी त्या यंत्राभोवती उभारलेल्या व्यवस्थेला अधिक द्यावे लागते. प्रत्येक केंद्राची खबर दूरध्वनीने बेंटली प्रायरी येथील छाननी कक्षात येई. तेथे एकाच विमानतुकडीविषयी आलेल्या परस्परविसंगत खबरा पडताळून एक चित्र तयार होई आणि तेवढेच पुढे जाई. शिवाय चेन होमचे तोंड समुद्राकडे होते. किनारा ओलांडून विमाने आत आली की रडार आंधळे. तेथून पुढची खबर देत ते निरीक्षक दलाचे सुमारे तीस हजार स्वयंसेवक. शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशी ही माणसे हजारएक ठाण्यांवर दुर्बीण आणि दूरध्वनी घेऊन पाळीपाळीने बसत.

याच्या उलट उदाहरण पुढच्याच वर्षी घडले. ७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी हवाई बेटावरील ओपाना येथील अमेरिकी रडारवर दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर विमानांचा प्रचंड जथा दिसला. यंत्राने आपले काम चोख केले होते. तेथील दोघा सैनिकांनी खबरही दिली. परंतु माहिती केंद्रातील बहुतेक कर्मचारी न्याहारीसाठी गेले होते, आणि त्याच दिशेने आपली काही विमाने यावयाची असल्याने हजर अधिकाऱ्याने काळजीचे कारण नाही असे सांगितले. पर्ल हार्बरवर पहिला बाँब पडण्यास तेव्हा अर्ध्या तासाहून अधिक वेळ होता.

आता रडारच्या मर्यादांकडे वळू. दोन मर्यादा निसर्गानेच घालून दिल्या आहेत आणि कोणतेही सरकार कितीही पैसा ओतून त्या रद्द करू शकत नाही.

पहिली मर्यादा शक्तीची. जाताना लहर पसरते आणि परतताना पुन्हा पसरते. त्यामुळे रडारचा पल्ला केवळ शक्तीच्या जोरावर दुप्पट करावयाचा तर शक्ती सोळापट लागते. हेच गणित उलटही चालते. विमानाचे परावर्तन दहा हजारपट कमी केले तर पल्ला दहाव्या हिश्श्यावर येतो. चारशे किलोमीटरवर दिसणारे विमान चाळीस किलोमीटरवर दिसू लागते.

दुसरी मर्यादा पृथ्वीच्या गोलाईची. शिक्षकांनी वर्गात करून पाहावे असे हे सोपे गणित आहे. रडारच्या उंचीचे वर्गमूळ आणि विमानाच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करून तिला सुमारे ४.१ ने गुणले, दोन्ही उंची मीटरमध्ये घेतल्या, की दिसण्याचे कमाल अंतर किलोमीटरमध्ये मिळते. रडारचा आकाशक, म्हणजे आपण ज्याला अँटेना म्हणतो तो, सोळा मीटर उंच असेल तर नऊ हजार मीटरवरून येणारे विमान सुमारे चारशे किलोमीटरवर दिसेल. तेच विमान जमिनीपासून पंचवीस मीटरवरून आले तर ते सदतीस किलोमीटरच्या आत येईपर्यंत दिसणार नाही. ताशी नऊशे किलोमीटर वेगाने एवढे अंतर अडीच मिनिटांत कापले जाते. केवळ गणितापुरते असे समजा की आपण कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटर उंचीवर, रडार ठेवले. तर पंचवीस मीटर उंचीवरचे विमान सपाट प्रदेशावर जवळजवळ एकशेनव्वद किलोमीटरवरून दिसेल. परंतु पायथ्याच्या डोंगरांआडच्या दऱ्यांत काय चालले आहे ते मात्र कळणार नाही. उंचावर गेलेल्याला दूरचे दिसते आणि घळीतले दिसत नाही, हे आपल्या किल्लेदारांना ठाऊक होतेच. रडार विमानात बसवून वर नेण्याचा खटाटोप याचसाठी. भारताने रशियन बनावटीच्या विमानावर बसविलेले इस्रायली रडार २००९ पासून वापरले. संरक्षण संशोधन व विकास संघटनेने विकसित केलेली 'नेत्र' ही प्रणाली २०१७ मध्ये हवाई दलाकडे आली.

तिसरी मर्यादा शत्रूने शोधून काढली. काळोखात दिवा घेऊन शोधणारा माणूस जेवढे पाहतो, त्याहून अधिक दुरून तो स्वतः दिसतो. रडारचेही तसेच आहे. जून १९८२ मध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलने बिनचालक विमाने पुढे धाडली. ती खरी समजून सीरियाच्या क्षेपणास्त्र केंद्रांनी आपली रडारे सुरू केली, आणि त्या लहरींवरून जागा हेरून बहुतेक केंद्रे उद्ध्वस्त करण्यात आली. आपल्याकडे अशाच लहरींचा माग काढणाऱ्या 'रुद्रम' क्षेपणास्त्राची चाचणी २०२० मध्ये झाली. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षात, ८ मे रोजी पाकिस्तानातील हवाई संरक्षणाची रडारे व यंत्रणा यांना लक्ष्य केल्याचे भारत सरकारने जाहीर केले. आधुनिक युद्धात पहिला घाव बहुधा डोळ्यावर पडतो.

लपण्याचे शास्त्रही याच क्रमाने वाढत गेले. जुलै १९४३ मध्ये हँबुर्गवरील हल्ल्यात ब्रिटिशांनी धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्यांचा पाऊस पाडला. पट्टीची लांबी जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी ठेवली होती. त्यामुळे प्रत्येक पट्टी जोराने परावर्तन करी आणि पडद्यावर नुसता धुरळा उमटे. ही युक्ती जर्मनांनाही आधीच ठाऊक होती; शत्रू ती उचलील या भयाने दोन्ही बाजूंनी ती दडवून ठेवली होती. पुढे १९६२ मध्ये मॉस्कोत प्योत्र उफिमत्सेव्ह यांचा कडांवरून होणाऱ्या लहरींच्या विवर्तनावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सोव्हिएत लष्कराला त्यात विशेष काही वाटले नाही. अमेरिकी अभियंत्यांनी त्याचा अनुवाद वाचला आणि त्यातील गणित एफ-११७ या रडारचोर विमानासाठी वापरले. १९८१ मध्ये ते प्रथम उडाले, १९९१ च्या आखाती युद्धात गाजले.

आणि २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात ते पडले. पाडणारे क्षेपणास्त्र साठीच्या दशकातल्या घडणीचे होते. त्याला वाट दाखविणारे टेहळणी रडार मीटरभराहून लांब लहरींचे, तज्ज्ञांनी कालबाह्य ठरविलेले असे होते. विमानाचा आकार लहान लहरींना चकविण्यासाठी घडविलेला असतो. लहर विमानाच्या पंखाशेपटीएवढी लांब झाली की ती चलाखी पुष्कळशी फुकट जाते. पण निव्वळ लांब लहरीमुळे हे साधले नाही. त्या तुकडीने रडार काही सेकंदांपुरतेच सुरू करावयाचे आणि वारंवार जागा बदलावयाची असा कडक दंडक घालून घेतला होता. अन्यथा विमान दिसण्यापूर्वी तीच टिपली गेली असती.

आता नव्या यंत्रांविषयी. जुने रडार म्हणजे गरगर फिरणारी थाळी. ती मिनिटाला सहा फेऱ्या घेत असेल तर एका विमानाकडे दर दहा सेकंदांनी एकदा पाहते. तेवढ्यात ते अडीच किलोमीटर पुढे गेलेले असते. नव्या रडारची थाळी फिरत नाही. तिच्या पृष्ठभागावर शेकडो, कधी हजारो छोटे प्रेषक-ग्राहक घटक ओळीने बसविलेले असतात. तळ्याच्या काठावर मुले ओळीने उभी करा आणि सर्वांना एकाच क्षणी खडा टाकावयास सांगा. लाट सरळ समोर जाईल. मग पहिल्याने आधी, दुसऱ्याने किंचित उशिरा, तिसऱ्याने त्याहून उशिरा असे टाकावयास सांगा. लाट तिरकी जाईल. रडारमध्ये ही क्षणभराची मागेपुढे संगणक ठरवितो. त्यामुळे लहरींचा झोत सेकंदाच्या सूक्ष्म अंशात आकाशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वळतो, एकाच वेळी अनेक लक्ष्यांवर नजर ठेवतो आणि मधूनमधून लहरीची लांबी बदलून ऐकणाऱ्याला चकवितो. शंभरातले पाच घटक बिघडले तरी रडार बंद पडत नाही, थोडे मंदावते इतकेच.

हे पाहावयास आपल्याला फार दूर जावयास नको. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली 'आयएनएस कोलकाता' ही विनाशिका १६ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबईतच नौदलात दाखल झाली. तिच्या डोलकाठीवर चार दिशांना असे चार स्थिर फलक आहेत. ते रडार इस्रायली आहे, हेही सांगितले पाहिजे. स्वदेशी बाजूला बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक्स व रडार विकास संस्थेने 'इंद्र'पासून 'राजेंद्र', 'रोहिणी', 'अरुध्रा' आणि लढाऊ विमानासाठीच्या 'उत्तम'पर्यंत मोठी मजल मारली आहे. त्यांतील 'स्वाती'चा उल्लेख मी मुद्दाम करतो. हवेतून येणाऱ्या तोफगोळ्याचा मार्ग टिपून तो कोठून सुटला हे ती सांगते. १९९९ च्या कारगिल युद्धात अशा रडारची उणीव आपल्या सैन्याला तीव्रतेने जाणवली. डोंगराआडची तोफ कोठे आहे हे न कळल्याची किंमत काय असते, हे साताऱ्या-कोल्हापूरकडील सैनिकांच्या गावांना समजावून सांगण्याची गरज नाही.

या घटकांसाठी लागणारे अर्धसंवाहक पूर्वी गॅलियम आर्सेनाइडचे असत. आता गॅलियम नायट्राइड वापरतात. ते अधिक दाब व उष्णता सोसते, म्हणून तेवढ्याच जागेतून कितीतरी अधिक शक्ती मिळते. परंतु गॅलियम हा धातू स्वतंत्र खाणीतून निघत नाही. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना करताना तो थोड्याशा प्रमाणात उपउत्पादन म्हणून मिळतो आणि जगातील त्याचे जवळजवळ सर्व उत्पादन चीनमध्ये होते. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले, तेव्हा अनेक देशांच्या संरक्षण खात्यांना या धातूची आठवण झाली. कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरील बॉक्साइट आपल्या परिचयाचे आहे. त्याचा रडारशी असा दूरचा संबंध पोहोचतो. दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स प्रयोगशाळेने गॅलियम नायट्राइडचे उपकरण तयार करण्याची प्रक्रिया देशात विकसित केल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. ती बातमी आतल्या पानावर छापली गेली. विमानखरेदीच्या बातमीला पहिले पान मिळते.

पुढील प्रवृत्तींपैकी एक मोठी गमतीची आहे. प्रक्षेपक सुरू केला की आपण दिसतो; मग तो सुरूच करावयाचा नाही. परिसरात नभोवाणी, दूरचित्रवाणी यांच्या लहरी अहोरात्र भरलेल्या असतात. विमानावरून परतलेला त्यांचा अंश टिपावयाचा आणि चार ठिकाणच्या नोंदी जुळवून विमानाची जागा ठरवावयाची. जर्मनीसह काही देशांत अशी मूक रडारे तयार झाली आहेत. म्हणजे १९३५ साली डॅव्हेंट्रीच्या शेतात जे केले, तेच आता वेगवान संगणकाच्या जोरावर पुन्हा होत आहे. क्षितिजापलीकडे पाहणाऱ्या रडारांचेही असेच पुनरागमन झाले आहे. लघुलहरी आयनांबरावरून खाली परावर्तित होतात, म्हणून तर दूरदेशीची नभोवाणी आपण ऐकत असू. १९७६ ते १९८९ या काळात लघुलहरींवर सेकंदाला दहा ठोक्यांची टकटक ऐकू येई. ती सोव्हिएत संघाच्या अशाच रडारची होती. ऑस्ट्रेलियाचे याच जातीचे जाळे एक हजार ते तीन हजार किलोमीटरवर नजर ठेवते. 'क्वांटम रडार'चाही सध्या बराच गाजावाजा आहे. प्रयोगशाळेतले प्रयोग खरे आहेत. शंभर किलोमीटरवरच्या विमानाविषयी केले गेलेले दावे मात्र जाणकारांना पटलेले नाहीत, आणि मलाही पटत नाहीत.

खरे संकट आले ते अगदी उलट्या दिशेने. विमान मोठे, वेगवान आणि उंच उडणारे असेल असे गृहीत धरून रडारची आजवरची घडण झाली होती. आता येते ते लहान, सावकाश आणि झाडांच्या शेंड्यांवरून. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक तेलकेंद्रावर ड्रोन व क्षेपणास्त्रे आदळली, तेव्हा त्या देशाजवळ जगातील महागड्या रडारांची कमतरता नव्हती. २७ जून २०२१ रोजी जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटके टाकली गेली. सावकाश हलणाऱ्या वस्तू पडद्यावरून गाळून टाकण्याची रडारची जुनी सवय असते. तसे केले नाही तर झाडे, ढग आणि पक्षी यांनी पडदा भरून जाईल. ड्रोन दिसावा म्हणून गाळणी सैल केली की बगळ्यांचा थवाही शत्रू म्हणून उमटतो. नवी रडारे यावर तोड म्हणून प्रतिध्वनीतील सूक्ष्म थरथर तपासतात. पक्ष्याच्या पंखांची फडफड आणि ड्रोनच्या पात्यांचे भिरभिरणे यांची खूण वेगळी असते.

पात्यांवरून पवनचक्क्यांचा विषय निघतो. साताऱ्याच्या पठारावर किंवा धुळे जिल्ह्यात त्या आपण पाहिल्या आहेत. दुरून पाते संथ दिसले तरी त्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने फिरत असते. रडारला ते उडत्या विमानासारखेच वाटते, आणि अशा शंभर चक्क्या म्हणजे न हलणारी शंभर विमाने. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या सरकारने बाल्टिक समुद्रातील तेरा पवनऊर्जा प्रकल्पांना संरक्षणाच्या कारणास्तव परवानगी नाकारली. संरक्षण तळाजवळच्या उंच बांधकामाला ना-हरकत प्रमाणपत्र का मागतात, याचे एक उत्तर यात आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात असा कागद आला तर तो केवळ लाल फितीचा नमुना समजू नये.

युक्रेनने या खालून येणाऱ्या ड्रोनांवर जो उपाय योजला, तो ऐकून निरीक्षक दलाची आठवण व्हावी. २०२२ नंतर तेथे खांबांवर हजारो स्वस्त ध्वनिग्राहक बसविण्यात आले. ड्रोनच्या इंजिनाची घरघर ऐकून ते खबर देतात, संगणक त्या खबरा जुळवून मार्ग काढतो आणि ठिकठिकाणच्या तोफांच्या पथकांना सूचना जाते. एका मोठ्या रडारच्या किमतीत असे कित्येक हजार कान बसतात. भारतातही हवाई दलाची एकात्मिक नियंत्रण प्रणाली आणि भूदलाची 'आकाशतीर' यांचे काम हेच आहे: वेगवेगळ्या रडारांकडून आलेले तुकडे जोडून एक चित्र करणे. मे २०२५ मध्ये त्यांचा कस लागला. बेंटली प्रायरीचा छाननी कक्ष जे माणसांकरवी करी, ते आता यंत्राकरवी होते.

तरीही ओळखण्याचा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो किती महाग पडतो हे तीन घटनांवरून दिसते. ३ जुलै १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान पाडले. दोनशे नव्वद माणसे गेली. त्या नौकेवर त्या काळचे सर्वोत्तम रडार होते, आणि विमान वर चढत असल्याची नोंद त्याने अचूक केली होती. नौकेवरील माणसांनी मात्र ते आपल्यावर झेपावत आहे असे धरून चालले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगाम येथे आपलेच हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले. हवाई दलाचे सहा जवान आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडले. ती मोठी चूक होती, हे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाई दलप्रमुखांनी मोकळेपणाने मान्य केले. ८ जानेवारी २०२० रोजी तेहरानहून उडालेले युक्रेनचे विमान इराणी क्षेपणास्त्राने पाडले. एकशे शहाहत्तर बळी. इराणच्याच चौकशी अहवालानुसार ते क्षेपणास्त्र पथक जागा बदलून आले होते, परंतु नव्या जागी यंत्राची उत्तर दिशा नीट लावलेली नव्हती. शंभर अंशांहून अधिक फरक राहिला. विमान दिसत होते, अंतर बरोबर होते. शहरातून निघालेले ते विमान पडद्यावर शहराकडे येताना भासले.

आता हे ओळखण्याचे काम संगणकाच्या कृत्रिम बुद्धीकडे देण्याचा विचार सर्वत्र सुरू आहे. हजारो प्रतिध्वनींतून ड्रोन आणि पक्षी वेगळे काढण्यात ती माणसाला केव्हाच मागे टाकील, याविषयी मला शंका नाही. पण तेहरानमध्ये तिच्या हाती तीच चुकलेली उत्तर दिशा पडली असती. म्हणून नव्या जाळ्यांची परीक्षा घेताना पल्ल्याच्या आकड्याबरोबर मी आणखी काही गोष्टी विचारीन. नागरी विमानांचे वेळापत्रक आणि त्यांच्या ओळखखुणा त्या पडद्यावर येतात काय? एका रडारचे म्हणणे दुसऱ्याशी आपोआप ताडून पाहिले जाते काय? जागा बदलल्यावर यंत्राची दिशा कोण तपासतो, आणि तपासल्याची सही कोणत्या नोंदवहीत होते? अडीच मिनिटांच्या हिशेबात या तपासणीला किती सेकंद राखून ठेवले आहेत, हे त्या यंत्राच्या खरेदीपत्रकातच लिहिलेले असावे.